प्रतिसाद : कोपऱ्यालगतच्या चौकटीची पट्टी

दाराची चौकट खोलीच्या कोपऱ्यापासून जेमतेम दीड इंचावर असल्याने अडीच इंची मोल्डिंग पट्टी (चौकट व भिंत यांमधला सांधा झाकणारी नक्षीदार लाकडी पट्टी) बसत नाही, या आपल्या अडचणीवर दोन्ही बाजूंच्या पट्ट्या अरुंद घ्याव्यात असा सल्ला वर दिला आहे; तो मला पटत नाही. कोपऱ्याकडील एकच पट्टी लांबीच्या दिशेने उभी कापून अरुंद करावी. सांगलीतील आमच्या जुन्या घराची भिंत ओळंब्यात (अगदी सरळ उभी) नव्हती, म्हणून दर फुटावर चौकट ते भिंत हे अंतर मोजून खुणा पट्टीवर उतरवल्या, खुणांच्या किंचित बाहेरून करवत चालवली आणि उरलेले रंध्याने जुळवले. नक्षीची कड अर्थातच चौकटीकडे ठेवावी. भिंतीलगत मिलिमीटरभर फट सोडावी, कारण पावसाळ्यात लाकूड फुगते. हातोडी फिरण्यास जागा नसल्यास आधी बारीक भोके पाडून खिळे पंचने (खिळ्याच्या डोक्यावर टेकवून ठोकायच्या लोखंडी दांडीने) ठोकावेत.