‘जैवसुरक्षा’ की ‘जैवसुरक्षितता’?

साथीच्या रोगांशी लढणाऱ्या संस्थांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, पशुरोगांसाठीची भोपाळची उच्च सुरक्षा प्रयोगशाळा आणि संरक्षण खात्याची ग्वाल्हेरची संशोधन संस्था डीआरडीई या संस्था त्यात आहेत. दुसऱ्याच पानावर अडले. मूळ वाक्यात ‘बायोसेफ्टी’ आणि ‘बायोसिक्युरिटी’ शेजारी शेजारी आले आहेत आणि माझ्यापाशी दोन्हींसाठी एकच शब्द आहे, ‘जैवसुरक्षा’. पुढे ‘बायोडिफेन्स’ही येतो. त्याला ‘जैवसंरक्षण’ लिहिले, तर संपादकांनी समासात विचारले, ‘हा भाग जंगलांविषयी आहे का?’ काय करावे?

प्रतिसाद

संपादकांची शंका रास्त आहे. मराठीत ‘संरक्षण’ दोन कामे करतो. संरक्षणमंत्री म्हटले की सैन्य आठवते आणि वनसंरक्षक म्हटले की झाडे. मागे ‘जैव’ लागला की मन जैवविविधतेकडेच जाते. तिथे सरळ ‘जैविक हल्ल्यापासून बचाव’ लिहा. तीन शब्द होतात, पण अर्थ हरवत नाही.

आता मुख्य प्रश्न. प्रयोगशाळांत काम करणारे हा फरक सोप्या भाषेत सांगतात : बायोसेफ्टीत जंतूंपासून माणसांना जपायचे, बायोसिक्युरिटीत वाईट हेतूच्या माणसांपासून जंतूंना जपायचे. दोन्हींची एकेक खरी गोष्ट सांगतो.

१९७८ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या वैद्यकीय महाविद्यालयात छायाचित्रकार म्हणून काम करणाऱ्या एका बाईंना देवी निघाल्या आणि त्यातच त्या गेल्या. त्यांच्या खोलीच्या खालच्या मजल्यावर देवीच्या विषाणूवर संशोधन चाले. विषाणू वर नेमका कसा पोहोचला हे निर्विवाद सिद्ध झाले नाही, पण यात कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. जे कोंडून ठेवायचे ते निसटले. ही पहिल्या शब्दाची गोष्ट.

दुसरी आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. १९३३च्या नोव्हेंबरात हावडा स्थानकाच्या गर्दीत पाकुडच्या (आजच्या झारखंडातल्या) जमीनदार घराण्यातल्या एका तरुणाच्या दंडाला काहीतरी टोचले. सुमारे आठवडाभराने तो वारला. रक्तात प्लेगचे जंतू सापडले. इस्टेटीच्या वादातून सावत्र भावाने एका डॉक्टरच्या मदतीने हा खून घडवला होता. त्या डॉक्टरने आधी परळच्या हाफकिन संस्थेकडे प्लेगचे जंतू मागितले होते, पण सरकारी परवानगी आणा असे उत्तर आले. मग आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात, म्हणजे आजच्या कस्तुरबात, संशोधन करायचे म्हणून त्याने प्रवेश मिळवला आणि जंतू तिथून हाती लागले. इथे काही निसटले नाही. कुणीतरी नेले. परवानगीची ती अट आणि रुग्णालयातला तो मोकळा दरवाजा यांच्यामधले जे अंतर, ते ‘बायोसिक्युरिटी’चे क्षेत्र.

म्हणून माझी सूचना अशी. ‘सुरक्षितता’ ही स्थिती आहे, धोका नसण्याची. ‘सुरक्षा’त कुणीतरी राखण करतो : सुरक्षारक्षक, सुरक्षा दल. तेव्हा बायोसेफ्टी म्हणजे ‘जैवसुरक्षितता’ आणि बायोसिक्युरिटी म्हणजे ‘जैवसुरक्षा’. पुण्यात पाषाणला जी चौथ्या, म्हणजे सर्वांत कडक पातळीची प्रयोगशाळा आहे, तिची पातळी मोजतात ती सुरक्षिततेची : आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी, बाहेर सोडण्याआधी हवा गाळून घेणे, हवाबंद पोशाख, निघताना रासायनिक फवाऱ्याखाली स्नान. वर्तमानपत्रे तिला ‘जैवसुरक्षा पातळी ४’ म्हणतात. ‘जैवसुरक्षितता पातळी ४’ म्हणायला हवे.

प्रतिसाद

मी पशुवैद्यक आहे. आमच्याकडे ‘जैवसुरक्षा’ या शब्दाला तिसराच अर्थ आहे आणि तो गावोगाव रुजला आहे. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला पहिला. नमुन्यांचे निदान भोपाळला झाले. त्यानंतर पोल्ट्रीवाल्यांच्या शिबिरांत हा शब्द सारखा कानावर येऊ लागला. शेडच्या दारात चुना टाका, पाय बुडवायला जंतुनाशकाचे टाके ठेवा, दुसऱ्याच्या शेडमधले खाद्याचे ट्रे आणू नका, बाहेरच्या माणसाला आत सोडू नका. इथे चोर कुणीच नाही, तरी राखण आहे. रोगाला आत येऊ द्यायचे नाही. त्यामुळे तुमच्या वाटणीत आमचा अर्थ ‘सुरक्षे’च्या बाजूला बसतो, हे मला पटते. फक्त ‘वाईट हेतूची माणसे’ हीच व्याख्या धरली, तर शेतकऱ्याचा अर्थ बाहेर पडतो. तो पाडू नका.

प्रतिसाद

वाटणी तर्काने बरोबर आहे, पण ती टिकेल का याची मला काळजी वाटते. २०२०मध्ये ‘अलगीकरण’ आणि ‘विलगीकरण’ यांचे काय झाले आठवा. एक संपर्कात आलेल्यांसाठी, एक आजाऱ्यांसाठी, असा भेद ठरवून केला होता. महिनाभरात दोन्ही शब्द एकाच वाक्यात एकाच अर्थाने येऊ लागले. ज्या शब्दांत एका अक्षराचा किंवा एका प्रत्ययाचाच फरक असतो, ते घाईच्या वेळी एकमेकांत मिसळतात. आणि साथीत सगळे घाईतच असतात.

मला ‘राखण’ हा शब्द आवडतो. रक्ष् धातूतूनच आलेला, पण तोंडात रुळलेला. शेताची राखण करतात, कोकणात आणि गोव्यात गावाला राखणदार असतो. ‘जंतुसाठ्याची राखण’ म्हटले की काय जपायचे आणि कुणापासून, हे ऐकणाऱ्याला लगेच कळते. देवीचे विषाणू आज जगात अधिकृतपणे दोनच ठिकाणी आहेत, अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात कोल्त्सोवोला. तिथे जे चालते त्याला मी राखणच म्हणेन. परिभाषेत हा शब्द हलका वाटेल, हा आक्षेप मला मान्य नाही.

मूळ प्रश्नकर्ती

तिघांचेही आभार. पाकुडची गोष्ट माहीत नव्हती, काल रात्रभर डोक्यात राहिली.

मी असे ठरवले आहे. प्रयोगशाळांच्या पातळ्यांसाठी ‘जैवसुरक्षितता’. बायोसिक्युरिटी पहिल्यांदा येईल तिथे ‘जैवसुरक्षा, म्हणजे रोगजंतूंची राखण आणि रोगांना अटकाव’ असे उलगडून, पुढे नुसते ‘जैवसुरक्षा’. पोल्ट्रीचा अर्थही त्यात मावतो. ‘जैवसंरक्षण’ काढून टाकले.

एकच अडचण उरली. १९७२चा जैविक शस्त्रबंदी करार लेखात येतो. तिथे मी ‘जैविक’ लिहिते आणि बाकी सगळीकडे ‘जैव’. शेतीतल्या ‘जैविक खता’मुळे वाचकाला ‘जैविक शस्त्र’ खटकेल का?

प्रतिसाद

नाही खटकणार. ‘जैविक शस्त्र’ रुळला आहे, तसाच ठेवा. सुट्या शब्दाआधी ‘जैविक’, समासात ‘जैव’.