मदत हवी आहे: सिग्नल जनरेटरची लहर यूएसबी स्कोपवर स्थिर राहत नाही

बझर: दोन रात्री यातच गेल्या. सिग्नल जनरेटर यूएसबी ऑसिलोस्कोपला (लॅपटॉपवर लहर दाखवणारा स्कोप) जोडला, साइन लहर लावली, तर लहर पडद्यावर सरकतच राहते. फ्रिक्वेन्सीही भलतीच: सुरुवातीला १४ हर्ट्झ, तासाभराने ९. जनरेटर खराब आहे का? परत करायची मुदत संपत आलीय, लवकर सांगा.

सोल्डरगन: जनरेटरवर फ्रिक्वेन्सी किती लावलीय? टाइमबेस, म्हणजे पडद्यावरची एक चौकट किती वेळाची? प्रोब, म्हणजे स्कोपची मोजायची तार, कितीवर? ट्रिगर, म्हणजे कुठल्या व्होल्टेजला लहर धरून उभी करायची ते?

बझर: साधी साइनच आहे हो. ट्रिगर ऑटो. बाकी सॉफ्टवेअर उघडल्यावर होतं तसंच.

अर्थिंग: लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा! यूएसबी स्कोपची ग्राउंड क्लिप थेट लॅपटॉपच्या ग्राउंडला जाते. चार्जर लावला की माझ्याकडे घरच्या विजेचा ५० हर्ट्झचा हम यायचा. त्यात माझा अख्खा महिना गेलाय.

सोल्डरगन: हम असता तर ५० दिसले असते. १४ कुठून येतील?

अर्थिंग: काढून बघायला काय जातं?

मोठाबेंच: यूएसबी स्कोपच्या नादी लागू नका. चांगला बेंच स्कोप घ्या, प्रश्नच मिटेल.

सोल्डरगन: त्यांच्यापुढे आहे त्या स्कोपचं बोला ना.

पन्नासओहम: जनरेटरचा आउटपुट ५० ओहमचा असतो आणि स्कोपचा इनपुट १ मेगओहम. टर्मिनेटर (स्कोपच्या टोकाला लावायचा ५० ओहमचा रेझिस्टर) लावला नाही तर काही जनरेटरवरच्या आकड्याच्या दुप्पट व्होल्टेज दिसतं. हे आधी तपासा.

बझर: इथे दुप्पट नाही, उलट कमी दिसतंय. २ व्होल्ट पीक टू पीक (शिखरापासून तळापर्यंत) लावलेत, येतात जेमतेम ०.२. पण ते नंतर बघू. चार्जर काढला, फरक शून्य. फ्रिक्वेन्सी १ मेगाहर्ट्झ, टाइमबेस १० मिलिसेकंद, प्रोब १०एक्सवर.

सोल्डरगन: १ मेगाहर्ट्झ आणि १० मिलिसेकंद! अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. त्या टाइमबेसला सॅम्पल रेट, म्हणजे स्कोप सेकंदाला किती बिंदू मोजतो, तो किती दाखवतोय?

बझर: कोपऱ्यात १ एमएस (मेगासॅम्पल) प्रति सेकंद लिहिलंय.

सोल्डरगन: मग जनरेटर धडधाकट आहे. टाइमबेस मोठा केला की असे स्कोप सॅम्पल रेट खाली आणतात. सेकंदाला १० लाख सायकल आणि १० लाखच सॅम्पल, म्हणजे दर सायकलचा जवळपास तोच बिंदू पुन्हा पुन्हा उचलला जातो. दोन्हीकडच्या क्रिस्टलमध्ये दहा लाखांत १४ भागांचा फरक असला की पडद्यावर १४ हर्ट्झची खोटी साइन उभी राहते. हे एलियसिंग. क्रिस्टल तापले, फरक बदलला, १४ चे ९ झाले. टाइमबेस ५०० नॅनोसेकंदावर आणा.

बझर: आकडा १ मेगाहर्ट्झ आला!! पण लहर अजून पळतेय.

सोल्डरगन: १०एक्सवर प्रोब सिग्नल दहापट लहान करतो आणि सॉफ्टवेअर १एक्सवर असणार, तुमचे ०.२ व्होल्ट तिथूनच आले. ट्रिगर लेव्हल कितीवर आहे?

बझर: ०.५ व्होल्ट.

सोल्डरगन: लहर शून्याच्या वरखाली ०.१ व्होल्टच जाते, ती ०.५ ला शिवणार कशी? ऑटोमध्ये ट्रिगर मिळाला नाही तरी स्कोप चित्र काढतच राहतो, म्हणून लहर पळताना दिसते. सॉफ्टवेअरही १०एक्स करा, लेव्हल शून्यावर आणा.

बझर: थांबली! पूर्ण २ व्होल्ट, गच्च उभी. मनापासून आभार, उद्या जनरेटर परत पाठवणार होतो.

नवखातार: याच धाग्यात विचारतो. माझ्या चौकोनी लहरीचे कोपरे गोल येतात, जनरेटर बदलू का?

सोल्डरगन: प्रोब १०एक्सवर ठेवून स्कोपच्या १ किलोहर्ट्झ कॅलिब्रेशन टर्मिनलला लावा. तिथेही गोलच दिसले तर प्रोबवरचा छोटा ट्रिमर स्क्रू कोपरे काटकोनी होईपर्यंत फिरवा. आणि फ्रिक्वेन्सी किती आहे, तेही लिहा.