शॅननने सलग चार वेळा कसं जिंकलं

एक हंगाम जिंकला की बाहेरून तगडे खेळाडू आणावेत, म्हणजे पुढचाही आपलाच, असं बरेच जण म्हणतात, पण हे मत मला पटत नाही. आयर्लंडमधल्या लिमरिक शहराचा शॅनन हा रग्बी क्लब बघा. १९९५ ते १९९८ सलग चार वेळा त्यांनी ऑल-आयर्लंड लीग, म्हणजे तिथल्या रग्बी क्लबांची स्पर्धा, जिंकली. अँथनी फोली त्या संघात होता. त्याचे वडील ब्रेंडनही शॅननचेच, १९७८ साली ऑल ब्लॅक्सना, म्हणजे न्यूझीलंडच्या संघाला, हरवणाऱ्या मन्स्टर या प्रांताच्या संघातले. बापाचा खेळ बघत वाढलेल्या पोराला जर्सीची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही. शिवाय गॅरीओवन आणि यंग मन्स्टर हे लीगचे आधीचे विजेते क्लबही त्याच शहरात, म्हणजे सुस्तावायची सोयच नाही!

१९९५ मध्ये रग्बी व्यावसायिक झालं, चांगले खेळाडू हळूहळू मन्स्टरच्या करारात गेले. तरी २००२ मध्ये आणि २००४ ते २००६ शॅनन पुन्हा विजेते. मागून येणारी पोरं तयार असल्याशिवाय हे होत नाही. म्हणून माझं ठाम मत: जिंकल्यावर पहिला पैसा क्लबच्याच दुसऱ्या, राखीव संघावर आणि पोरांच्या सरावावर घाला. त्यातही स्क्रमच्या, म्हणजे दोन्ही संघ एकमेकांना भिडून रेटतात त्या रचनेच्या, पहिल्या ओळीवर, कारण त्या ओळीच्या कडेला रेटणारा चांगला प्रॉप घडायला वर्षं लागतात.