अँटेना लावा म्हणे, केबल तोडा म्हणे!

तापीकाठचा : काल इथे एकाने अमेरिकेतला व्हिडिओ टाकून सल्ला दिला, "गच्चीवर अँटेना लावा, केबल तोडा, ढीगभर चॅनेल फुकट." अहो, तिकडे २००९ मध्ये अ‍ॅनालॉग बंद झालं, तरी मोठी खासगी चॅनेलं हवेतूनच, डिजिटल येतात. आपल्याकडे अँटेनावर एकटं दूरदर्शन. २०१६ साली १६ शहरांत डिजिटल सुरू केलं, त्यात महाराष्ट्रातली मुंबई आणि औरंगाबाद. औरंगाबाद आणि आमच्या चोपड्याच्या मध्ये अजिंठ्याचा डोंगर. चोपड्यात कितीही उंच काठी रोवा, पूर्वीसारख्या मुंग्याही दिसायच्या नाहीत, नुसतं 'नो सिग्नल'. फुकटच हवंय तर दूरदर्शनची फ्री डिश घ्या. छत्री आग्नेयेला, एकदाच खर्च.

धुळेकर_भाऊ : आणि पाऊस आला की? ऐन मालिकेच्या वेळी चित्राचे चौकोन होतात, आई मला गच्चीवर पिटाळते. शिवाय २०२२ मध्ये चार मोठ्या कंपन्यांनी आपली हिंदी चॅनेलं फ्री डिशवरून काढून घेतली, तेव्हा कुठे होतात? फुकटचं असंच. केबल बरी.

तापीकाठचा : बरी? २०१९ च्या नियमांनी काही न बघताच १३० रुपयांपर्यंत आणि वर जीएसटी लागायचा, पैशाच्या चॅनेलांचे वेगळे; २०२४ मध्ये ती मर्यादाही गेली. आमच्याकडचा केबलवाला पावती मागितली की "मशीन बिघडलंय" म्हणतो. डिपॉझिट तर विसराच. आणि क्रिकेट? २०१७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, दूरदर्शनला मिळालेला सामन्याचा सिग्नल खासगी केबलवर द्यायचा नाही. भारताचा वनडे डीडीवर मी फुकट बघतो, तुम्ही पैसे मोजून केबलवरच्या डीडीवर जुना सामना बघा.

धुळेकर_भाऊ : क्रिकेटचं मान्य, घ्या, पेढे वाटा. पण केबलच्या लोकल चॅनेलवर गावची मिरवणूक, बाजारभाव, अहिराणी गाणी लागतात. तुमच्या छत्रीत अहिराणी कुठे? बहिणाबाईंच्या अहिराणीला सह्याद्रीवर तरी किती जागा?

केळी_यावल : थांबा. बहिणाबाई अहिराणीत लिहीत नव्हत्या. जळगावजवळच्या आसोद्याच्या होत्या, लेवा गणबोलीत, म्हणजे लेवा पाटील समाजाच्या बोलीत रचत. सगळ्या खान्देशाला अहिराणीचा शिक्का मारायची खोड सोडा.

धुळेकर_भाऊ : भो, तू काय सांगी ऱ्हायना? आम्ही काय परके?

केळी_यावल : परके कोण म्हणालं? माझी आजी रावेरची, गणबोलीवाली. साक्रीहून अहिराणी बोलणारी सून आली तेव्हा पहिले काही महिने दोघी खुणांनीच भाजी निवडायच्या. एकच बोली असती तर?

साक्रीवाली : सासू बोलायचीच नाही, हे कारण असू शकतं ना भाऊ? आमच्या घरात तर तेच होतं. आणि जळगाव आकाशवाणीवर बोलीतलं ऐकायला मिळतं, त्याला ना केबल लागते ना छत्री.

तापीकाठचा : धागा टीव्हीचा आहे!! लोकल चॅनेलपुरती तुमची केबल जिंकली, झालं समाधान? कोणी सांगेल का, सातपुड्याच्या पायथ्याला माकडं छत्रीवर बसतात त्यावर उपाय काय? छत्रीपुढचा सिग्नल पकडणारा एलएनबी दोनदा वाकवला.

केळी_यावल : बोराटीच्या फांद्या बांधा. आणि ती गणबोलीच आहे.