डॅलसमध्ये घरून अभ्यंग-स्वेदन करायचं तर मसाज थेरपीचं लायसन्स लागतं का?

मोगरातेल:
नमस्कार मंडळी. वहिनी पुण्यात पंचकर्म सहायक आहे. खासगी संस्थेचा एक वर्षाचा कोर्स आणि क्लिनिकमधला दांडगा अनुभव: सर्वांग अभ्यंग (तेलमालिश), पत्रपोटली (औषधी पानांच्या गरम पुरचुंडीचा शेक), नाडीस्वेद (नळीने वाफ), शिरोधारा (कपाळावर तेलाची धार). दादाची कंपनीतून टेक्ससला, डॅलसजवळच्या अर्व्हिंगला बदली झाली आहे, म्हणजे ती एच-४ वर (जोडीदाराच्या व्हिसावर) जाणार. तिथे मराठी-गुजराती वस्ती भरपूर, बाळंतिणीच्या मालिशलाही मागणी आहे म्हणतात. तिकडच्या ओळखीतल्या एकांनी सांगितलं, "अमेरिकेत आयुर्वेदावर कुठलंच नियंत्रण नाही, सरळ चालू करा." हे कितपत खरं? इथलं सर्टिफिकेट चालतं का? आणि नसेल चालत तर नेमकं काय करावं लागतं?

पेटीस्वेद:
ओळखीतल्यांचं पहिलं वाक्य बरोबर, दुसरं घात करणारं. अमेरिकेत एकही राज्य आयुर्वेदाचं लायसन्स देत नाही, हे खरंच. पण टेक्ससचा कायदा पद्धतीचं नाव विचारतच नाही. पैसे घेऊन दुसऱ्याच्या अंगावर तुम्ही हाताने काय करता, एवढंच तो बघतो. ऑक्युपेशन्स कोडचं प्रकरण ४५५ उघडून मसाज थेरपीची व्याख्या वाचा. हाताने किंवा यंत्राने शरीराच्या मऊ ऊतींवर केलेलं काम, त्यात चोळणं, मळणं, थापटणं, दाब, कंपन, घर्षण हे सगळं आलं. पुढे सोबतीच्या गोष्टीही दिल्या आहेत: तेल, मिठाने घासणं, हीट लॅम्प, गरम-गार शेक, टब, शॉवर आणि कॅबिनेट बाथ. आता सांगा, अभ्यंग, पोटली आणि पेटीस्वेद (पेटीत बसवून वाफ) यातून कसे सुटणार? बाळंतिणीची मालिशही सुटत नाही.

विनालायसन्स व्यवसाय हा गुन्हा आहेच. शिवाय लायसन्स देणारं खातं, टीडीएलआर, प्रत्येक उल्लंघनाला दिवसाला ५,००० डॉलरपर्यंत दंड लावू शकतं. मसाजच्या आडून चालणाऱ्या मानवी तस्करीमुळे या धंद्यावर तिथे बारीक लक्ष असतं, म्हणून "घरातल्या घरात कोण बघतंय" हा हिशेब करू नका.

पुण्याच्या सर्टिफिकेटबद्दल. दुसऱ्या राज्याचं किंवा देशाचं लायसन्स असेल आणि तिथल्या अटी टेक्ससच्या तोडीच्या असतील, तर परस्पर मान्यतेचा रस्ता आहे. पण भारतात मालिश करणाऱ्यांसाठी सरकारी लायसन्सच नाही, त्यामुळे तो रस्ता इथेच संपतो. उरतं शिक्षण. टेक्ससला ५०० तास लागतात, आणि नुसते ५०० नव्हे, विषयवार ठरलेले:

मसाज तंत्र २०० (त्यात किमान १२५ स्वीडिश, म्हणजे तिकडची मूळ मसाज पद्धत), शरीररचना ५०, शरीरक्रिया २५, किनेसिऑलॉजी (हालचालींचं शास्त्र) ५०, विकृतिशास्त्र ४०, हायड्रोथेरपी (पाण्याचे उपचार) २०, कायदा-व्यवसाय-नीतिमत्ता ४५, आरोग्य व स्वच्छता (प्रथमोपचार आणि सीपीआरसह) २०, इंटर्नशिप ५०.

इकडच्या खासगी कोर्सच्या गुणपत्रिकेवर तास नसतातच. असले तरी स्वीडिश शून्य आणि टेक्ससचा कायदा शून्य. इथल्या शिक्षणाच्या मूल्यांकनावर पैसे घालवण्याआधी खात्याला ईमेल करून लेखी उत्तर मागा. माझं स्पष्ट मत: तिथल्या लायसन्सधारक मसाज शाळेत पूर्ण ५०० तास करणं हाच कमी डोकेदुखीचा मार्ग. शाळेचं लायसन्स चालू आहे ना, हे खात्याच्या वेबसाइटवर स्वतः तपासा, माहितीपत्रकावर विसंबू नका.

इर्व्हिंगकर:
वरच्या उत्तराला जोडून क्रम देतो, कारण लोक तो उलटा करतात.

शाळेत नाव घातलं की आधी स्टुडंट परमिट (फी २५ डॉलर). मग ५०० तास. मग एमबीएलेक्स ही मसाज लायसन्ससाठीची परीक्षा, फी २६५ डॉलर. टेक्ससच्या कायद्यावरची ज्युरिसप्रुडन्स परीक्षा वेगळी, ती ऑनलाइन. बोटांचे ठसे देऊन गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी. आणि अर्ज, १०० डॉलर. फीचे आकडे बदलत असतात, भरण्याच्या दिवशी पुन्हा बघा. लायसन्स दोन वर्षांचं; नूतनीकरणाला १२ तासांचं पुढचं शिक्षण आणि मानवी तस्करी प्रतिबंधाचं प्रशिक्षण लागतं.

अडकतं कुठे, तर नावात. पासपोर्टवर सासरचं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आणि मधलं नाव कधी वडिलांचं कधी नवऱ्याचं. परीक्षेच्या नोंदणीतलं नाव आणि केंद्रावर दाखवायचं ओळखपत्र तंतोतंत जुळलं नाही तर दारातून परत पाठवतात आणि फी बुडते. विमानात बसण्याआधीच एक नाव ठरवा आणि पुढे सगळीकडे तेच लावा.

दुसरं, एच-४. या व्हिसावर शिकता येतं, त्यासाठी व्हिसा बदलावा लागत नाही. पण कमावता येत नाही. दादाचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालं की (किंवा त्याचा कामाचा व्हिसा, एच-१बी, सहा वर्षांपुढे वाढला की) तिला एच-४ ईएडी, म्हणजे काम करायच्या परवानगीचं कार्ड, मागता येतं. ही सोय २०१५ पासून आहे. ते कार्ड हातात येईपर्यंत स्वतःचा धंदा, रोखीत घेतलेले २० डॉलर, "देणगी" हे सगळं कामच धरलं जातं. मसाजचं लायसन्स मिळालं म्हणजे काम करायची परवानगी मिळाली असं नाही. या दोन खिडक्या वेगळ्या आहेत. ग्रीन कार्डच्या वेळी हा घोळ फार महागात पडतो.

सोआस_मेजर:
एमबीएलेक्सबद्दल लिहितो. १०० प्रश्न, ११० मिनिटं, संगणकावर. तुमच्या उत्तरानुसार पुढचा प्रश्न अवघड-सोपा होतो, म्हणून मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. ३०० ते ९०० च्या मोजपट्टीवर ६३० ला पास. नापास झालात तर ३० दिवस थांबायचं आणि पूर्ण फी पुन्हा भरायची. भाषा इंग्रजी किंवा स्पॅनिश.

पंचकर्मातून आलेल्यांचा हात उत्तम असतो, आणि नेमका तोच इथे दगा देतो. उदाहरण घ्या. अनेक ठिकाणी अभ्यंग अनुलोम शिकवतात, म्हणजे हातापायावर लोमांच्या दिशेने, खालच्या बाजूला. स्वीडिशमधला एफ्लुराज (लांब, सरकता हात) हृदयाकडे जातो, शिरांतल्या रक्ताच्या आणि लसिकेच्या परतीच्या दिशेने. पायाला सूज आहे, स्ट्रोक कुठल्या दिशेने, असा प्रश्न आला की हाताची सवय चुकीचं उत्तर देते. परीक्षेपुरतं स्वीडिश वेगळ्या कप्प्यात ठेवायचं.

सगळ्यात जास्त वजन रुग्णाच्या तपासणीला आणि उपचाराच्या आखणीला आहे, १७ टक्के. त्याखालोखाल नीतिमत्ता, मर्यादा आणि कायदे, १६ टक्के. शरीररचना-क्रिया फक्त ११. आपली मंडळी मात्र सगळा जोर हाडं-स्नायू पाठ करण्यावर लावतात. किनेसिऑलॉजी १२ टक्के आहे, तिथे स्नायूचं नाव पुरत नाही. उगम कुठे, जोड कुठे, आकुंचन पावला की सांधा कुठे वळतो, हे विचारतात.

विकृतिशास्त्रात एक फरक पक्का करा: फक्त तेवढा भाग टाळायचा की मसाजच करायचा नाही. पोटरीतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचा संशय, म्हणजे पोटरी दुखते, गरम लागते, एकच पाय सुजला आहे: मसाज अजिबात नाही, डॉक्टरकडे पाठवा. साधा खरचटा: तेवढी जागा सोडून बाकी करा. ताप: आज नाही. आणि धोक्याच्या जागा, मानेचा पुढचा त्रिकोण, काख, जांघ, गुडघ्यामागची खोबण, तिथे दाब का नको याचं कारण सांगता आलं पाहिजे. बाळंतीण समोर असेल तर गुठळीचा प्रश्न जास्तच गंभीर, कारण बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत तो धोका वाढलेला असतो. आपल्याकडे पोटऱ्या रगडून देतात ते तिथे सवयीने करू नये.

मोगरातेल:
सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका. तिची मैत्रीण बीएएमएस (आयुर्वेदाची पदवीधर) आहे, तिलाही हेच सगळं करावं लागेल का? आणि लायसन्स मिळाल्यावर शिरोधारा, बस्ती (औषधी एनिमा), नस्य (नाकात औषध) हे सगळं करता येईल का?

पेटीस्वेद:
बीएएमएस झालेल्या मैत्रिणीलाही हेच. पदवीचं मूल्यांकन होतं, पुढच्या शिक्षणाला उपयोग होतो, पण मसाजच्या तासांच्या जागी ती बसत नाही. आणि व्हिजिटिंग कार्डावर "डॉ." छापू नये. तिथल्या लायसन्सशिवाय आरोग्याच्या कामात ती उपाधी लावणं म्हणजे नसती आफत. आयुर्वेद संघटनांची नोंदणी किंवा मसाजचं राष्ट्रीय बोर्ड सर्टिफिकेशन हे ऐच्छिक आहे. भिंतीवर लावायला छान, लायसन्सच्या जागी चालत नाही.

कामाच्या मर्यादेबद्दल. अभ्यंग, पोटली, स्वेदन व्याख्येत सरळ बसतं. नस्य, बस्ती, वमन, विरेचन, रक्तमोक्षण बाहेर, यात वाद नाही. शिरोधारा आणि कटीबस्ती (कमरेवर गरम तेल साठवून ठेवणं) मध्ये लटकतात, कारण त्यात ऊतींवर हाताचं काम जवळजवळ नाही. त्यासाठी खात्याचं लेखी मत आणि विमा कंपनीचा होकार दोन्ही घ्या. थेरपिस्टांच्या मोठ्या संघटनांच्या सदस्यत्वात दायित्व विमा येतो, साधारण एका घटनेला २० लाख डॉलरपर्यंतचा, पण मान्य पद्धतींची यादी वाचून घ्या. आणि निदान करायचं नाही. "तुमचा वात वाढलाय" हे गप्पांत ठीक, फॉर्मवर नको. "मधुमेह बरा होतो" तर जाहिरातीत अजिबात नको.

इर्व्हिंगकर:
घरून करायचं तर आणखी थोडं. ती एकटीच लायसन्सधारक आणि स्वतःच मालक असेल तर मसाज एस्टॅब्लिशमेंटचं, म्हणजे जागेचं, वेगळं लायसन्स लागत नाही. पण दोघींनी मिळून दोन्ही बाजूंनी अभ्यंग करायचा म्हटला, की दुसरीलाही लायसन्स हवं आणि ही सूटही गेली. शहराचं झोनिंग (कुठल्या भागात कुठला धंदा चालतो) आणि सोसायटीचे म्हणजे एचओएचे नियम वेगळे बघायचे. भाड्याचं अपार्टमेंट असेल तर करारनामा आधी वाचा.

पहिल्या भेटीत सल्लामसलतीचा फॉर्म सक्तीचा: कुठला मसाज, शरीराचा कुठला भाग, काय टाळायचं, आच्छादन कसं राहील, ग्राहक कधीही थांबवू शकतो, आणि खाली सही. स्त्रीच्या स्तनांचा मसाज लेखी संमतीशिवाय नाही. लंगोट बांधून द्रोणीवर (मालिशीच्या लाकडी टेबलावर) झोपवायची पद्धत तिथे चालणार नाही. चादर हवी आणि एका वेळी जेवढ्या भागावर काम तेवढाच उघडा. जाहिरातीत, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जाहिरातीतसुद्धा, लायसन्स नंबर टाकायचा.

फॉर्ममध्ये तिळाच्या अ‍ॅलर्जीचा प्रश्न स्वतःहून घाला. १ जानेवारी २०२३ पासून तीळ अमेरिकेत नववा प्रमुख अन्न-अ‍ॅलर्जन आहे आणि आपली निम्मी तेलं तिळावर शिजवलेली. नारळ किंवा जोजोबाचं एक तेल तयार असू द्या. तेलकट टॉवेल ड्रायरमधून काढून गरम गरम ढीग करून ठेवू नका, तिळाचं तेल हवेशी संयोग पावताना तापतं आणि ढीग आपोआप पेटू शकतो. गरम पाणी आणि जादा डिटर्जंटने धुवा, वाळले की पसरून गार करा, मगच घडी.

चर्नीरोड:
दादाची पुन्हा बदली झाली तर? हेच लायसन्स दुसऱ्या राज्यात चालतं का?

सोआस_मेजर:
आपोआप नाही, प्रत्येक राज्याचं वेगळं. एमबीएलेक्सचा निकाल बहुतेक राज्यं मानतात, अडतात ते तास. न्यूयॉर्क आणि नेब्रास्काला १,००० लागतात, इलिनॉयला ६००. कॅलिफोर्नियात राज्याचं प्रमाणपत्र ऐच्छिक, ५०० तासांवर, पण बऱ्याच शहरांत त्याशिवाय निभत नाही. राज्याराज्यांतला मसाज करार आकार घेतोय, त्याची अट ६२५ तासांची आहे. म्हणून बदलीची शक्यता असेल आणि शाळेत ६२५ किंवा जास्त तासांचा कोर्स असेल तर तोच घ्यावा. शाळा बंद पडतात, म्हणून निघतानाच विषयवार तासांच्या सही-शिक्क्याच्या गुणपत्रिकेच्या तीन-चार सीलबंद प्रती घेऊन ठेवा.

पेटीस्वेद:
आणि पुण्याहून निघण्याआधी कोणी "गुमास्ता काढून नेलं की अनुभव सिद्ध होतो" म्हणालं तर ऐकू नका. २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर नुसती सूचना द्यायची असते. त्या कागदावर दुकान आहे एवढंच कळतं, मालिश येते की नाही ते नाही. क्लिनिककडून लेटरहेडवर कामाचं स्वरूप आणि कालावधी लिहून घेतलेलं पत्र नोकरी शोधताना जास्त कामाचं.