तारकर्लीला तंबूत मुक्काम आणि आंबोलीच्या जंगलातले धबधबे: सोलापूरहून सहकुटुंब केव्हा जावे?

मेघना, जुळे सोलापूर

नमस्कार. आम्ही घरचे सहाजण आहोत: आम्ही दोघे, दहा आणि तेरा वर्षांची दोन मुले आणि माझे सासू-सासरे. यंदा मालवणजवळ तारकर्लीला समुद्रालगत तंबूत तीन रात्री राहावे आणि तिथून रोज एक याप्रमाणे सह्याद्रीच्या जंगलातले धबधबे चालत जाऊन पाहावेत, असा विचार आहे. मुलांनी धबधबा आजवर पडद्यावरच पाहिला आहे. सिद्धेश्वर तलाव भरला की आमच्या घरात आनंद होतो, त्यामुळे डोंगरावरून कोसळणारे पाणी पाहण्याची ओढ किती आहे हे इथल्या सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

जोडून सुट्ट्या दोनदा मिळतात, १५ ऑगस्टच्या आसपास आणि दिवाळीत. यांपैकी कोणता काळ निवडावा? तंबूपासून पायी पोहोचता येईल असा एखादा धबधबा तिथे आहे का? सासूबाईंना पायऱ्या चढण्याचा त्रास होतो आणि सासऱ्यांना हृदयाच्या तक्रारीमुळे रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. मुलांना मात्र खरोखरीचे जंगल चालून दाखवायचे आहे, गाडीच्या काचेतून नव्हे. जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

दिगंबर, होटगी रस्ता (मूळ गाव कुडाळ)

मेघनाताई, तुम्ही सुचवलेल्या दोन्ही वेळा एकेका बाजूने अपुऱ्या पडतात. ऑगस्टमध्ये धबधबे ऐन भरात असतात, पण समुद्रकाठी तंबूत राहण्याचे ते दिवस नव्हेत. जून ते ऑगस्ट दर्या खवळलेला असतो, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात, आणि वाऱ्यापावसात वाळूवर तंबू टिकत नाही. दिवाळीत किनारा उत्तम असतो, पण ती नोव्हेंबरात आली तर आंबोलीच्या मुख्य धबधब्याची धार बरीच बारीक झालेली असते. दोन्हींचा मेळ बसतो तो साधारण २० सप्टेंबर ते २० ऑक्टोबर या महिन्याभरात. तिथी दरवर्षी मागेपुढे होते, म्हणून सणावरून न ठरवता इंग्रजी तारखेवरून ठरवावे. दसरा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात येणार असेल, तर त्याला जोडून दोन दिवस रजा काढावी. माझ्या मते याहून चांगला मुहूर्त नाही.

तंबूपासून पायी जाण्याजोगा मोठा धबधबा तारकर्लीला नाही, आणि त्याचे कारण तिथल्या भूगोलात आहे. सह्याद्रीचा कडा किनाऱ्यापासून सरळ रेषेतही चाळीस-पन्नास किलोमीटर आत आहे. मधल्या पट्ट्यात जांभ्या दगडाचे सडे, खाड्या आणि भातशेती आहे. पावसाळ्यात सड्यांच्या कडेवरून ओहोळ कोसळतात, परंतु पाऊस थांबला की तेही थांबतात. समुद्रावरून येणारे ढग कड्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. म्हणूनच आंबोलीला वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि कड्यापलीकडे पर्जन्यछायेत असलेल्या आपल्या सोलापुराला जेमतेम ६०० मिलिमीटरच्या आतबाहेर मिळतो. तेव्हा धबधब्यासाठी रोज कड्यापर्यंत गाडीने जावेच लागेल. तारकर्लीहून सावंतवाडीमार्गे आंबोली गाठायला दोन तास धरावेत.

तीन दिवस रोज इतका प्रवास करण्यापेक्षा दोन रात्री समुद्रावर आणि एक रात्र आंबोलीत काढावी, असे मी सुचवीन. आंबोलीत तंबू नको, साधी खोली घ्यावी, कारण सप्टेंबरअखेर तिथे धुके आणि ओल इतकी असते की भिजलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही वाळत नाही. आपली सोलापुरी चादर थंडीला कितीही चांगली असली तरी तिथे एकदा दमट झाली की प्रवासभर जड ओझे होऊन बसते. पातळ पांघरुणे न्यावीत.

रानवाटा, विजापूर रस्ता

दिगंबरदादांनी काळ अचूक सांगितला आहे. मी धबधब्यांविषयी लिहितो.

आंबोलीचा मुख्य धबधबा घाटरस्त्याला अगदी लागून आहे. सासू-सासरे तो गाडीपासून चार पावलांवरून पाहू शकतील. बाजूला वर जाणाऱ्या पायऱ्या आहेत, पण त्या ओल्या आणि शेवाळलेल्या असतात. रविवारी तिथे इतकी गर्दी लोटते की पाण्याचा आवाजही नीट ऐकू येत नाही, म्हणून आठवड्यातला मधला दिवस आणि सकाळी आठच्या आतली वेळ निवडावी. नांगरतास हा आजऱ्याकडून येताना आंबोलीच्या आधी लागतो. काळ्या पाषाणात नांगराने तास ओढावा तशी अरुंद, खोल घळ आहे आणि नदी त्या घळीत उडी घेते. तो कठड्याआडूनच पाहायचा धबधबा आहे, खाली उतरण्याचा विचारही करू नये. कावळेसादला दरीतून वर येणारा वारा इतका जोरकस असतो की खाली पडणारे पाणी तुषार होऊन उलटे वर फेकले जाते. मुलांना ते फार आवडेल, पण तिथे लोक कठडा ओलांडून दरीत पडल्याच्या घटना घडलेल्या आहेत. त्यामुळे मुलांचा हात एका क्षणासाठीही सोडू नये.

खरे जंगल चालायचे असेल तर हिरण्यकेशीला जावे. वाट सोपी आहे, ओढ्याच्या काठाने गर्द झाडीतून जाते आणि गुहेतल्या महादेवाच्या मंदिरापाशी संपते. तिथेच नदीचा उगम आहे. आंबोली समुद्राच्या इतकी जवळ असूनही हे पाणी समुद्राकडे न जाता पूर्वेला वळते, घटप्रभेला मिळते आणि पुढे कृष्णेत जाते, म्हणजे आपल्या भीमेचे पाणी अखेरीस ज्या नदीला मिळते तिलाच. मुलांना नकाशावर हे आधी दाखवून मग तिथे न्यावे. याच झऱ्यात सापडलेल्या एका लहानशा माशाचे २०२० साली शिस्टुरा हिरण्यकेशी असे नामकरण झाले, आणि २०२१ मध्ये शासनाने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. म्हणून कुंडात साबण लावून हातपाय धुणे, निर्माल्य टाकणे, पाय बुडवून बसणे हे सारे कटाक्षाने टाळावे. त्या माशाला दुसरे घर आहे असे आपण धरून चालू शकत नाही.

हे जंगल निमसदाहरित आहे. जांभूळ, अंजनी, हिरडा अशी झाडे एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की भर दुपारी खाली संध्याकाळ वाटते. खोडांवर शेवाळ आणि नेचे असतात. पायवाटेकडेच्या फांद्या बारकाईने पाहिल्या तर हिरवा चापडा दिसू शकतो. हा विषारी साप पानासारखाच हिरवा असतो आणि तासन्‌तास एका जागी निश्चल राहतो. म्हणून आधारासाठी फांदीला हात लावण्याआधी तिकडे पाहण्याची सवय मुलांना पहिल्याच दिवशी लावावी. कातळावरच्या डबक्यांत पाय घालू नये. २००९ साली शास्त्राला नव्याने कळलेला आंबोलीचा भेक अशाच उथळ पाण्यावर विणीसाठी अवलंबून असतो आणि तो अतिसंकटग्रस्त आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. ऑक्टोबरातला परतीचा पाऊस दुपारनंतर विजांसह येतो, हे आपण सोलापुरातही पाहतोच. घाटमाथ्यावर तो कोसळला की खालच्या धबधब्याला काही मिनिटांत लोंढा येतो, आणि आपण उभे असतो तिथे कदाचित ऊन असते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला असेच पाणी वाढून एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेले. पाणी एकाएकी गढूळ होणे, पाने आणि काटक्या वाहून येऊ लागणे, आवाज बदलणे, यांपैकी एक खूण दिसली तरी छायाचित्र अर्धवट सोडून काठावर, उंचावर यावे. धबधब्याचा कार्यक्रम सकाळी उरकून दुपारी एकच्या आत घाट उतरावा आणि कोसळत्या धारेच्या थेट खाली कोणीही उभे राहू नये, कारण पाण्याबरोबर दगडही येतात.

मेघना, जुळे सोलापूर

दोघांचेही मनापासून आभार. दसऱ्याच्या सुट्टीचा विचार पक्का होत आहे. ऑक्टोबरमध्ये जंगलात जळवा असतात असे ऐकले. सासऱ्यांच्या गोळीमुळे त्याची काळजी वाटते. तसेच कोजागरी समुद्रावर तंबूत साजरी करावी, अशी यजमानांची इच्छा आहे. त्यात काही धोका आहे का?

शुभांगी, अक्कलकोट रस्ता

मेघनाताई, मी परिचारिका आहे, म्हणून जळवांविषयी आधी सांगते. जळू चावते तेव्हा कळत नाही, आणि तिच्या लाळेतल्या द्रव्यामुळे रक्त गोठत नाही. निरोगी माणसालाही ती सुटल्यावर बराच वेळ रक्त येत राहते. तुमच्या सासऱ्यांची गोळी पाहता ते अधिक वेळ येईल. त्यांनी ऑक्टोबरात ओल्या पायवाटेवर न उतरता रस्त्यालगतच्या जागा पाहाव्यात, हेच बरे. जायचेच असेल तर निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारावे आणि गोळी मनाने बंद करू नये. बाकीच्यांनी विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत, वाटेत दर थोड्या वेळाने थांबून एकमेकांचे घोटे तपासावेत आणि पालापाचोळ्यावर बसू नये. जळू दिसली तर ओढून काढू नये. नखाची कड तिच्या तोंडाजवळ कातडीलगत सरकवली की ती सुटते. मग जखम साबणाने धुऊन स्वच्छ कापसाने पंधरा मिनिटे सलग दाबून धरावी. मध्येच उचलून पाहिले की रक्त पुन्हा सुरू होते.

कोजागरीची इच्छा सुंदर आहे, फक्त भरतीचे गणित समजून घ्यावे. पौर्णिमा आणि अमावास्येला उधाणाची भरती असते, म्हणजे पाणी एरवीपेक्षा बरेच वर येते. किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. पौर्णिमा पंधरावी तिथी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दूध आटवून तुम्ही वाळूवर बसाल त्याच सुमारास, रात्री अकरा-सव्वाअकराला, पाणी सर्वांत वर असेल. तंबू उजेड असतानाच लावावा. वाळूवर शिंपले, काटक्या आणि वाळलेल्या शेवाळाची जी सर्वांत वरची रेघ दिसते, तिच्याही बऱ्याच वर, सुरूच्या बनाच्या बाजूला आणि तिथल्या मालकाच्या परवानगीनेच तो असावा. नुसत्या खुंट्या वाळूत धरत नाहीत. पोत्यात वाळू भरून त्याला दोरी बांधावी आणि पोते हातभर खोल पुरावे. विजा चमकू लागल्या तर तंबू आणि सुरूची झाडे दोन्ही सोडून पक्क्या घरात किंवा गाडीत जावे. रात्री पाण्यात कोणी उतरू नये, गुडघाभरसुद्धा नाही.

शिदोरीला आपली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी भरपूर घ्यावी. दमट हवेत पोळ्या दुसऱ्या दिवशी वास मारू लागतात, भाकरी मात्र डबा घट्ट असेल तर तीन दिवस टिकते.

रानवाटा, विजापूर रस्ता

शुभांगीताईंनी सांगितलेले पाहता सासू-सासऱ्यांसाठी आणखी एक जागा सुचवतो. वैभववाडी तालुक्यातला नापणे धबधबा बारमाही आहे, उंचीने लहान पण रुंद आणि भरलेला. अलीकडे तिथे काचेचा पूलही झाला आहे. सोलापूरहून मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर गाठावे आणि गगनबावड्याहून घाट उतरून वैभववाडीला यावे, म्हणजे तो जातानाच वाटेत पाहून होतो. तिथून कणकवलीमार्गे मालवण. परतताना सावंतवाडी, आंबोली, आजरा, गडहिंग्लज असे यावे, म्हणजे एकच घाट दोनदा करावा लागत नाही. गगनबावड्याकडचे घाट दरडी किंवा दुरुस्तीमुळे अधूनमधून बंद असतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करावी. बंद असल्यास राधानगरी आणि फोंडा घाटाची वाट आहे. राधानगरीजवळचा राऊतवाडीचा धबधबा त्या वाटेवर पाहता येतो.

दिगंबर, होटगी रस्ता (मूळ गाव कुडाळ)

एक भर घालतो. काही कारणाने बेत पुढे ढकलून जानेवारीनंतर जाणार असाल, तर दोडामार्ग आणि बांद्याकडच्या जंगलात चालणे टाळावे. २०१६ पासून त्या भागात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीमुळे पसरतो आणि त्याचा जोर कोरड्या महिन्यांत असतो. त्या दिवसांत मुलांना जंगल दाखवायचेच असेल, तर किनाऱ्याजवळच्या गावांतल्या देवराया पाहाव्यात. गावकऱ्यांना विचारून, चपला बाहेर काढून आत जावे आणि पडलेले पानही उचलू नये. कुडाळ-मालवण पट्ट्यात अशा राया अनेक आहेत. तुमचा दिवस ठरला की इथे कळवा. माझे चुलतभाऊ कुडाळात असतात, घाटाची आणि पावसाची त्या दिवशीची स्थिती त्यांच्याकडून विचारून सांगता येईल.