चीनमध्ये प्रांतसचिव काम दाखवून वर चढतो, ही थाप आहे

घाटमाथा

परवापासून एक पोस्ट फिरतेय, इथेही दोघांनी चिकटवली. सार एवढंच: आपल्याकडे भाषण ठोकून माणूस मंत्री होतो, चीनमध्ये मात्र आधी तालुका चालवून दाखवावा लागतो, मग शहर, मग प्रांत. आकडे आणले तर वर, नाहीतर घरी. शी जिनपिंग असेच चाळीस वर्षं घासून वर आले. आणि खाली सगळे ‘असा माणूस आपल्याला कधी मिळणार’ म्हणून हळहळतायत.

चीनचं कौतुक जरूर करा, माझी ना नाही. पण वाचून घ्या आधी. शी १९८२ मध्ये हेबेईतल्या झेंगदिंग तालुक्यात कम्युनिस्ट पक्षाचे उपसचिव म्हणून गेले, खरं आहे. त्यांचे वडील शी झोंगशुन उपपंतप्रधान राहिलेले आणि १९७८ ते ८० ग्वांगडोंग प्रांत त्यांच्याच हातात होता, हे पोस्टमध्ये का नाही? १९९७ च्या पक्ष अधिवेशनात केंद्रीय समितीच्या पर्यायी सदस्यांची यादी लागली. ती मतांच्या क्रमाने लावतात. शी १५१ वे, म्हणजे शेवटचे. दहा वर्षांनी तेच गृहस्थ थेट पक्षाच्या सर्वोच्च मंडळात, स्थायी समितीत. मधे फुजियान आणि झेजियांग चालवलं, कबूल. पण शांघायला सचिव म्हणून जेमतेम सात महिने, तेही आधीचा सचिव चेन लियांग्यू पेन्शन फंडाच्या प्रकरणात २००६ मध्ये गेला म्हणून.

आणि ताजं उदाहरण ली चियांग. २०२२ मध्ये शांघायचे सचिव. कोविडमुळे अडीच कोटींचं शहर दोन महिने कुलपात, घराघरांत भाजी नाही, लोक खिडक्यांतून ओरडतायत. त्याच वर्षी ऑक्टोबरात हा माणूस पक्षात दुसऱ्या क्रमांकावर आणि मार्च २०२३ मध्ये पंतप्रधान. कुठल्या परीक्षेत पास झाला? शी झेजियांगचे सचिव असताना हा त्यांच्या हाताखाली प्रांतसमितीचा महासचिव होता, बस्स.

प्रांतात पक्षाचा सचिव पहिला, गव्हर्नर दुसरा. दोघांची नावं बीजिंगमधून ठरतात, सचिवाची तर पक्षाच्या केंद्रीय संघटन विभागातूनच. बढती ज्याच्या हातात, तोंड त्याच्याकडेच असणार. प्रांतातल्या माणसाने तोंड कुणाकडे करायचं?

कापडबाजार

घाटमाथा, तुम्ही वाचून लिहिता, मी राहून सांगतो. मी इचलकरंजीचा. २००९ ते २०१९ दर वर्षी चार-पाच महिने झेजियांगमध्ये, शाओशिंगजवळ कचाओला असायचो. कापडाचा एवढा मोठा बाजार मी दुसरा पाहिला नाही. सुरुवातीला माझ्या खोलीखालचा कालवा आज निळा, उद्या तपकिरी, ज्या दिवशी जो रंग लागेल तो. आपल्या प्रोसेसच्या नाल्यासारखाच. २०१३ च्या शेवटी प्रांतसचिवाने पाण्याची मोहीम काढली. दोन-तीन वर्षांत रंगाईचे किती कारखाने बंद झाले, उरलेले समुद्राकडच्या औद्योगिक पट्ट्यात नेऊन बसवले. कालव्याच्या काठावर फलक लागला: या पट्ट्याचा नदीप्रमुख अमुक, त्याचा हुद्दा, त्याचा फोन नंबर. २०१७ ला त्याच पाण्याशी म्हातारे गळ टाकून बसलेले मी पाहिलेत.

आमच्या पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पाहून माझे केस पांढरे झाले. एकाही आमदाराचा नंबर काठावर लावलेला नाही. तुम्ही म्हणता तोंड वर असतं. असू दे की. वरून ‘पाणी साफ कर’ म्हटलं आणि पाणी साफ झालं, मला आणखी काय हवं?

निवृत्त महसूल

कापडबाजार यांच्याशी सहमत. मी ३१ वर्षं महसुलात होतो, १४ बदल्या झाल्या. एका तालुक्यात गाळपेराच्या जमिनींची यादी लावायला घेतली, अर्धी लागली आणि आदेश आला. पुढच्याने ती फाइल उघडलीसुद्धा नाही. अधिकाऱ्याला एका जागी पाच वर्षं दिली तर तो काय करू शकतो, हे चीनने दाखवलं. यावर आपल्याकडे कुणी बोलत नाही. सगळे राजकारणावर बोलतात, बदल्यांवर कुणी नाही. मी निवेदनं दिली, तीन सरकारांना दिली.

घाटमाथा

महसूल काका, तुमचं दुःख खरं आहे, पण तिथेही पाच वर्षं कागदावरच आहेत. बहुतेक शहरसचिव त्याआधीच हलतात, आणि म्हणूनच दोन वर्षांत दिसेल असं काहीतरी उभं करायची घाई: रुंद रस्ता, चौक, नवं शहर. कर्ज पुढच्याच्या गळ्यात. १९९४ मध्ये तेव्हाचे उपपंतप्रधान झू रोंगजी यांनी करांची वाटणी बदलून मोठा हिस्सा केंद्राकडे नेला, तेव्हापासून स्थानिक सरकारं जमिनीचे हक्क विकून गाडा ओढत आली. दाखवायचे आकडेही तसेच. लियाओनिंगच्या गव्हर्नरने जानेवारी २०१७ मध्ये स्वतः कबूल केलं की २०११ ते १४ प्रांताच्या महसुलाचे आकडे फुगवलेले होते. तियानजिन शहराच्या बिनहाई भागाने २०१६ चं उत्पन्न १ लाख कोटी युआनवरून साडेसहासष्ट हजार कोटींवर आणलं. एक तृतीयांश हवाच होती.

उच्चार महत्त्वाचा

चर्चा चांगली चालली आहे, पण नावं नीट लिहा. जिनपिंग नव्हे, चिन्फिङ. झेजियांग नव्हे, चच्याङ. आपली देवनागरी चिनी उच्चारांच्या रोमनपेक्षा कितीतरी जवळ जाते, आपल्याकडे फ आहे, छ आहे, ङ आहे, आणि आपण रोमन वाचून उच्चार बिघडवतो. मी हे गेली आठ वर्षं लिहितोय.

जुनी वही

उच्चारांचं नंतर पाहू. ‘वरून म्हटलं आणि पाणी साफ झालं’ या वाक्यापाशी मी अडखळलो. १९५८ मध्ये, माओंच्या काळात, वरून म्हटलं धान्य वाढलंय. सिचुआनचा सचिव ली जिंगच्युआन याने ‘हो, वाढलंय’ म्हणून सांगितलं आणि प्रांतातून धान्य बाहेर पाठवत राहिला. आपल्याच प्रांतात माणसं मरत असताना. सिचुआनमधल्या भूकबळींचे अंदाज ८० लाख ते १ कोटीच्या घरात जातात. त्या माणसाला १९५८ मध्येच पॉलिट ब्यूरोत घेतलं होतं. आणि हुनानचा सचिव झोउ श्याओझोउ, ज्याने १९५९ मध्ये लुशानच्या पक्षबैठकीत या धोरणाविरुद्ध तोंड उघडलं, त्याचं पद गेलं. माझे आजोबा बहात्तरच्या दुष्काळात सुकडीच्या रांगेचं सांगायचे, रोजगार हमीवर खडी फोडलेली. तेव्हा विधानसभेत, वर्तमानपत्रांत ओरड तरी होत होती. तिथे ओरडायला जागाच नव्हती.

कापडबाजार

साठ वर्षांपूर्वीचा मुडदा उकरून काढलात. मग पुढचंही सांगा ना. त्याच सिचुआनमध्ये १९७५ ला झाओ झियांग आले, आन्हुईत १९७७ ला वान ली. शेतकऱ्याला जमीन कसायला मोकळीक यांनीच दिली, बीजिंग अजून घुटमळत होतं तेव्हा. लोक म्हणायचे, तांदूळ हवा तर वान लींना शोधा, धान्य हवं तर झियांगना शोधा. हे दोघेही प्रांतसचिवच होते. हीच पद्धत, हीच शिडी. चांगला माणूस आला तर करून दाखवतो.

जुनी वही

मान्य. वान लींवर तुम्ही बरोबर आहात. पण झाओंचं पुढे काय झालं, तेही लिहा. १९८९ मध्ये पक्षाचे सरचिटणीस असताना विद्यार्थ्यांवर लष्कर घालायला नाही म्हणाले आणि २००५ मध्ये मरेपर्यंत घरात कैद.

लातूरची आई

मी इथे कधी लिहीत नाही, फक्त वाचते. माझी मुलगी वुहानला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होती. जानेवारी २०२० चा पहिला पंधरवडा ती सांगायची, सर्दीतापाचं काहीतरी चालू आहे, बाजाराजवळ जाऊ नका म्हणतात, बाकी सगळं ठीक. १८ जानेवारीला त्याच शहरात एका वसाहतीत ४० हजार कुटुंबांच्या मेजवानीचा कार्यक्रम झाला. २३ ला पहाटे दोनला नोटीस आणि सकाळी दहाला शहर बंद. त्या आठवड्यात ती आणि तिची मैत्रीण एका भांड्यात भात शिजवून दोन दिवस पुरवत होत्या. फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी एअर इंडियाचं विमान गेलं, त्यातून परत आली.

२७ जानेवारीला वुहानचे महापौर सरकारी टीव्हीवर म्हणाले की स्थानिक सरकार म्हणून आम्हाला परवानगी मिळाल्यावरच माहिती जाहीर करता येते. मी ते नंतर वाचलं. त्या दिवसापासून मला या सगळ्या शिडीबद्दल कुणी काही सांगू नये.

आणि पुढची अडीच वर्षं काय झालं ते कुणी लिहीत नाही. व्हिसे ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाले. तोवर मुलगी फोनच्या पडद्यावर शस्त्रक्रिया शिकली. टाके घालायचा सराव आमच्या जुन्या सोफ्याच्या रेक्झिनवर केला. विद्यापीठाला विचारलं तर एकच उत्तर, वरून कळलं की कळवू. फी मात्र वेळेवर मागितली.

कापडबाजार

ताई, तुमच्या मुलीचं ऐकून वाईट वाटलं. पण हा साथीचा विषय आहे, सचिवांचा नाही. आणि काय झालं पुढे? १३ फेब्रुवारीला हुबेई प्रांताच्या सचिवाला आणि वुहानच्या सचिवाला, दोघांनाही काढलं. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत प्राणवायूअभावी माणसं मेली, कुणाचं पद गेलं? नाव सांगा एक.

घाटमाथा

आपल्याकडचं आणून इथलं झाकू नका. हुबेईचा सचिव जियांग चाओलियांग याला काढलं ते लोकांनी नाही, वरच्यांनीच. ज्यांनी परवानगी दिली नाही त्यांच्यापैकी कोण गेलं? महापौराने तोंडाने सांगितलं की हात बांधलेले होते. तुम्हाला ऐकू येत नाही की ऐकायचं नाही?

कापडबाजार

तुम्ही चीनला एकदा तरी गेलात का हो? दोन लेख वाचायचे आणि दहा वर्षं राहिलेल्याला बहिरा म्हणायचं. माझ्या गोदामाचा मालक, साधा माणूस, त्याला २०२० मध्ये वसाहत समितीने दाराशी भाजी आणून दिली. तो सरकारवर खूश आहे. त्याला शिकवा जाऊन.

लातूरची आई

माझ्या मुलीवरून तुम्ही दोघं भांडू नका. ती उदाहरण नाही. एकाला सरकारला शिव्या घालायला ती हवी, दुसऱ्याला ‘वाईट वाटलं पण’ म्हणायला. तिने परत आल्यावर चौदा दिवस मानेसरच्या छावणीत काढले आणि पहिल्या फोनला काय विचारलं माहीत आहे? तिच्या वुहानच्या मेसमधल्या आजींना कुणी विचारतंय का. त्या आजींचं पुढे काय झालं आम्हाला कळलेलं नाही. महापौराला परवानगी आठवडाभर आधी मिळाली असती तर, एवढंच मी विचारते.

निवृत्त महसूल

ताई, मी तीस वर्षं सरकारी खुर्चीत बसलो. ‘वरून कळलं की कळवू’ हे वाक्य मीही बोललोय, पूरग्रस्तांना बोललोय. वाचून बरं वाटलं नाही. माझा बदल्यांचा मुद्दा मी सोडत नाही, पण इथे तो लागू नव्हता.

जुनी वही

दोघांच्याही हाताशी पुरावे आहेत म्हणून सांगतो. २००५ मध्ये दोघा चिनी अर्थतज्ज्ञांनी दाखवलं की प्रांताची वाढ चांगली तर सचिवाची बढती होते. २०१२ मध्ये तिघांनी केंद्रीय समितीतली क्रमवारी तपासली, त्यात वाढीचा परिणाम दिसला नाही, कोण कुणाचा माणूस हे दिसलं. तेव्हा ‘थाप’ हा घाटमाथांचा शब्द मला जड वाटतो.

आणि कापडबाजार, तुमच्या कालव्याबद्दल. ती पाण्याची मोहीम काढणारा झेजियांगचा सचिव शिया बाओलोंग. त्याच माणसाच्या कारकिर्दीत, २०१४ पासून, त्याच प्रांतातल्या हजाराहून जास्त चर्चवरचे क्रूस उतरवले. वेनझोउचं सानजियांग चर्च एप्रिल २०१४ मध्ये आख्खं पाडलं. अनधिकृत बांधकाम म्हणून. तीच यंत्रणा, तोच झपाटा. २०२० मध्ये त्याला हाँगकाँगच्या कामावर नेमलं. कालव्यासाठी की क्रुसांसाठी, ते संघटन विभाग कुणाला सांगत नाही.

घाटमाथा

थाप हा शब्द मागे घेतो. अर्धसत्य म्हणतो. कापडबाजार, बहिरा म्हणालो ते चुकलं. पण एक सांगा, त्या फलकावरच्या नंबरावर कधी फोन लावलात?

कापडबाजार

लावला होता. २०१६ चा पावसाळा, कालव्याला वास मारत होता. मला चिनी कामापुरतंच येतं, म्हणून माझ्या दलाल बाईंनी लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं आले, बाटलीत पाणी भरून घेऊन गेले. चार दिवसांत वास थांबला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि कुणीही काहीही म्हटलं तरी ते खोटं ठरत नाही.

त्या बाई वेनझोउच्या. दर रविवारी फोन बंद असायचा, मला वाटायचं सुट्टी. २०१९ मध्ये शेवटचा हिशोब करायला बसलो तेव्हा त्यांनी सांगितलं की गावच्या चर्चवरचा क्रूस क्रेन लावून काढला, त्यांचा भाऊ आडवा गेला म्हणून त्याला नऊ दिवस आत ठेवलं होतं. २०१५ ला. म्हणजे कालव्यासाठी त्यांनी माझ्या वतीने फोन लावला, त्याच्या आदल्या वर्षी. मी विचारलं, तेव्हा का नाही बोललात? त्या कॅल्क्युलेटरवर बोटं चालवत राहिल्या. म्हणाल्या, कुणाला फोन लावणार होते मी?

मी हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं, कारण माझा मुद्दा कालव्याचा होता. तो मी सोडत नाही.